विस्कॉन्सिन बॅजर्सचे माजी खेळाडू : एनएचएल आणि ऑलिंपिकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मॅडिसन शहराच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आइस हॉकीबद्दल मराठीत लिहायला लागल्यापासून काही प्रश्न सतत येत असतात. ऑलिंपिकच्या निमित्ताने पहिल्यांदाच हा खेळ पाहिलेले वाचक विचारतात. अमेरिकेतले मराठी आईबाबाही विचारतात, कारण त्यांची मुलं सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे रिंकवर असतात. सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ऑलिंपिकचा हिशेब २०२२ च्या बीजिंगपर्यंतचा आहे, कॉलेजच्या विजेतेपदांचा २०२५ पर्यंतचा.

१. बॅजर्स म्हणजे कोण? एका कॉलेजच्या संघाचं एवढं कौतुक कशासाठी?

मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सगळ्याच क्रीडासंघांना बॅजर्स म्हणतात. बॅजर हा बिळात राहणारा चिवट प्राणी, विस्कॉन्सिन राज्याचा अधिकृत प्राणी. पुरुषांच्या हॉकी संघाने सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली : १९७३, १९७७, १९८१, १९८३, १९९० आणि २००६. महिलांच्या संघाने आठ : २००६, २००७, २००९, २०११, २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५. २००६ मध्ये दोन्ही संघ एकाच वर्षी जिंकले, आणि असं करणारं हे पहिलंच विद्यापीठ.

कौतुकाचं कारण मात्र चषकांपलीकडचं आहे. ऑलिंपिकपटू घडवण्याचं जे काम बऱ्याच देशांत सरकारी क्रीडा संस्था करतात, ते अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विद्यापीठं करतात. त्यामुळे अमेरिकेच्या, आणि महिलांच्या बाबतीत कॅनडाच्याही, राष्ट्रीय संघाची यादी उघडली की मॅडिसनचं नाव दिसतंच.

२. मला या खेळाचे नियम माहीत नाहीत. हे पान कळेल का?

कळेल. बर्फावर प्रत्येक बाजूला सहा जण : एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आक्रमक. चेंडूऐवजी पक नावाची कडक रबराची चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि काही स्पर्धांत त्यानंतर शूटआउट. एवढं पुरे.

३. कॉलेजातून एनएचएलमध्ये जातात कसे? ड्राफ्ट म्हणजे लिलाव का?

लिलाव नाही. आयपीएलमध्ये खेळाडूवर बोली लागते, तशी इथे लागत नाही. एनएचएल ही अमेरिका आणि कॅनडातली पुरुषांची व्यावसायिक लीग. दर उन्हाळ्यात तिचे संघ अठराच्या आसपासच्या मुलांची नावं आळीपाळीने घेतात. एकदा नाव घेतलं की त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्या संघाकडे राहतो. २००५ पासून सात फेऱ्या होतात, त्याआधी नऊ व्हायच्या.

घोळ होतो तो पुढच्या मुद्द्यावर. निवड झाली म्हणजे मुलगा दुसऱ्या दिवशी एनएचएलमध्ये गेला असं होत नाही. तो कॉलेजात दाखल होतो, दोन-तीन किंवा चारही वर्षं खेळतो आणि संघ वाट पाहतो. व्यावसायिक करारावर सही केली की कॉलेजची हॉकी संपते. नाव घेतलंच गेलं नाही तर काय होतं, ते आठव्या प्रश्नात आहे.

४. "माजी खेळाडू" कोणाला म्हणायचं? एकच वर्ष खेळून गेलेलेही धरायचे?

मी धरते. पदवी मिळवली की नाही, हा निकष लावला तर अर्धी यादी गळेल, कारण उत्तम पुरुष खेळाडू बहुधा दोन-तीन वर्षांत निघून जातात. रायन सूटर इथे एकच मोसम होता, २००३-०४. गोलरक्षक कर्टिस जोसेफही एकच, १९८८-८९. डॅनी हीटली दोन वर्षं. माइक रिक्टरही दोन वर्षं खेळून गेला आणि निवृत्तीनंतर येल विद्यापीठातून शिक्षण पूर्ण केलं.

संघाची जर्सी घालून राष्ट्रीय पातळीवरचे सामने खेळलेला प्रत्येक जण या पानावर बॅजर आहे. महिलांच्या बाजूला चित्र वेगळं दिसतं. तिथे चार वर्षं पूर्ण करून, बहुतेकदा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या जास्त, कारण आत्ता-आत्तापर्यंत लवकर निघून जावं अशी व्यावसायिक लीगच नव्हती (प्रश्न १७). सीमारेषेवरची दोन नावं अगदी शेवटच्या प्रश्नात घेतली आहेत.

५. सगळ्यांत यशस्वी कोण?

पुरुषांत ख्रिस चेलिओस, आणि यात फारसा वाद होत नाही. १९८३ चं कॉलेज विजेतेपद, तीन स्टॅनले कप (म्हणजे एनएचएलची विजेतेपदं), सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी तीनदा, एनएचएलमध्ये १६५१ सामने. शेवटचा सामना खेळला तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. पहिलं ऑलिंपिक १९८४ च्या सारायेव्होचं, शेवटचं २००६ च्या तुरिनचं. मध्ये १९९८ आणि २००२. बावीस वर्षांच्या अंतराने ऑलिंपिक खेळणारा बचावपटू! २०१३ मध्ये तो टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला.

पण स्त्री-पुरुष मिळून एकच नाव घ्यायचं असेल तर मी हिलरी नाइटचं घेईन. का, ते प्रश्न १३ मध्ये.

६. स्टॅनले कप कोणाकोणाच्या नावावर आहे?

ब्रायन एंगब्लमने सत्तरच्या दशकात मॉन्ट्रियलकडून जिंकला. चेलिओसने १९८६ मध्ये मॉन्ट्रियलकडून, मग २००२ आणि २००८ मध्ये डेट्रॉइटकडून. गॅरी सूटर १९८९, कॅल्गरी. माइक रिक्टर १९९४, न्यू यॉर्क रेंजर्स : त्या शहराने ५४ वर्षं वाट पाहिलेला कप, आणि अंतिम फेरीत पावेल बुरेचा पेनल्टी शॉट रिक्टरने पायाने अडवला तो क्षण आजही दाखवतात. ब्रायन राफाल्स्कीचे तीन : न्यू जर्सीकडून २००० आणि २००३, डेट्रॉइटकडून २००८. म्हणजे २००८ च्या डेट्रॉइट संघात दोन बॅजर एकत्र होते. २००६ च्या विजेत्या कॉलेज संघाचा कर्णधार अ‍ॅडम बुरिश २०१० मध्ये शिकागोकडून. जस्टिन शुल्ट्झ २०१६ आणि २०१७, पिट्सबर्ग. रायन मॅकडोना २०२० आणि २०२१, टँपा बे.

प्रशिक्षक म्हणून बॉब जॉन्सन, १९९१, पिट्सबर्ग. त्यांच्याबद्दल प्रश्न १० पाहा.

यादी पूर्ण असल्याचा दावा नाही. ज्यांच्याबद्दल हमखास विचारणा होते ती नावं दिली आहेत.

७. ड्राफ्टमध्ये खूप मागे निवड झाली तर करिअर संपलं समजायचं का? माझ्या भाच्याचं तसंच झालंय.

अजिबात नाही, आणि हे ठासून सांगायला मॅडिसनइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. २००३ चा ड्राफ्ट घ्या. त्यात मॅडिसनशी नातं असलेल्या तीन मुलांची नावं फार वेगवेगळ्या जागी आली. रायन सूटर सातवा. जो पावेल्स्की २०५ वा, सातव्या फेरीत. गोलरक्षक ब्रायन एलियट २९१ वा. त्या वर्षी एकूण २९२ मुलं निवडली गेली होती, म्हणजे एलियटच्या मागे एकच नाव उरलं होतं.

तिघंही एनएचएलमध्ये ५०० हून अधिक सामने खेळले. सूटरने १५०० ओलांडले. पावेल्स्की १३३२ सामने खेळला, ४७६ गोल केले, आणि अमेरिकेत जन्मलेल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा जास्त म्हणजे ७४ गोल बाद फेऱ्यांत केले. स्टॅनले कप त्याला कधीच मिळाला नाही, याची हळहळ आम्हा सगळ्यांनाच आहे.

विस्कॉन्सिनमधल्याच प्लोव्हर या छोट्या गावचा हा मुलगा. स्केटिंग वेगवान नाही, अंगकाठी मोठी नाही, म्हणून निवडणारे त्याच्यावरून पुढे गेले. त्याचं खरं कसब गोलसमोरच्या गर्दीत होतं. दुसऱ्याने लांबून मारलेली चकती हवेत असतानाच काठीच्या पात्याने जेमतेम स्पर्श करून तिची दिशा बदलायची. अठराव्या वर्षी असं कसब कोणाच्या नजरेत भरत नाही. ते पक्कं व्हायला सराव लागतो, सामने लागतात, वर्षं लागतात, आणि कॉलेज नेमकी ती वर्षं देतं. पावेल्स्की आणि एलियट दोघंही २००६ च्या विजेत्या संघात होते. बॉस्टन कॉलेजविरुद्धचा अंतिम सामना २-१ असा जिंकला.

माझ्या मते मॅडिसनच्या हॉकीची खरी कमाई इथे आहे. सातव्या क्रमांकाचा मुलगा कुठेही गेला असता तरी बहुधा मोठा झाला असता. २९१ व्या क्रमांकाच्या मुलाला मोठं व्हायला जागा लागते.

भाच्याला सांगा, निवड झाली याचा अर्थ एवढाच की कुणीतरी वाट पाहायला तयार आहे.

८. आणि कोणीच निवडलं नाही तर?

तर तो मोकळा असतो, कुठल्याही संघाशी करार करू शकतो. अट एकच, कुणाला तरी तो हवासा वाटला पाहिजे.

ब्रायन राफाल्स्की चार वर्षं मॅडिसनला खेळला, १९९५ मध्ये बाहेर पडला, आणि उंची कमी म्हणून एनएचएलचं दार बंदच राहिलं. तो स्वीडनला गेला, मग फिनलंडला. तिथे उत्तम बचावपटू म्हणून नाव झालं, तेव्हा १९९९ मध्ये न्यू जर्सीने बोलावलं. वय २६. पहिल्याच मोसमात स्टॅनले कप! पुढे दोन ऑलिंपिक रौप्यपदकं, आणि २०१० च्या व्हँकुव्हर स्पर्धेत सर्वोत्तम बचावपटू म्हणून निवड.

कर्टिस जोसेफलाही कोणी ड्राफ्ट केलं नव्हतं. मॅडिसनच्या एका मोसमानंतर सेंट लुईसने घेतलं आणि एनएचएलमध्ये त्याच्या नावावर ४५४ विजय जमा झाले. २००२ मध्ये कॅनडाचा पहिला सामना तो खेळला; स्वीडनने ५-२ असं हरवलं, मग पुढे मार्टिन ब्रोडर गोलमध्ये उभा राहिला. सुवर्णपदक मात्र जोसेफलाही मिळालं, आणि ते त्याचंच आहे.

९. १९८० च्या "मिरॅकल ऑन आइस" संघात विस्कॉन्सिनचे किती जण होते?

दोनच. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाने सोव्हिएत संघाला हरवलं, त्या विजयाला हे नाव पडलं. वीस जणांच्या संघात नऊ मिनेसोटा विद्यापीठाचे, कारण प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स तिथलेच. बॉस्टन विद्यापीठाचे चार. मॅडिसनचे मार्क जॉन्सन आणि बॉब सूटर.

संख्येवर जाऊ नका. २२ फेब्रुवारी १९८०, लेक प्लॅसिड. सोव्हिएत संघ २-१ पुढे, पहिला भाग संपायला काही सेकंद. डेव्ह ख्रिश्चनने लांबून, जवळजवळ आशा सोडून, फटका मारला. जगातला सर्वोत्तम मानला जाणारा गोलरक्षक त्रेत्याक याने तो अडवला, पण चकती समोर उसळली. सोव्हिएत बचावपटू वेळ संपला असं समजून सैल पडले होते. जॉन्सन दोघांच्या मधून घुसला, त्रेत्याकला चुकवलं आणि गोल केला. घड्याळात एक सेकंद उरला होता. दुसऱ्या भागासाठी संघ परतले तेव्हा सोव्हिएत प्रशिक्षक तिखोनोव्ह यांनी त्रेत्याकला बाहेर बसवलं होतं.

तिसऱ्या भागात ३-३ बरोबरीचा गोलही जॉन्सनचाच. मग एरुझिओनीचा तो प्रसिद्ध चौथा गोल. दोन दिवसांनी फिनलंडविरुद्ध ४-२ असा विजय मिळवून सुवर्ण नक्की झालं, त्यातला शेवटचा गोल पुन्हा जॉन्सनचा, तोही एक खेळाडू कमी असताना. स्पर्धेत अमेरिकेकडून सर्वाधिक गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला केलेली मदत मिळून) त्याचे : ११. आठवण निघते ती एरुझिओनीची, आणि कर्णधार म्हणून तो मान त्याचा आहेच. पण जॉन्सनशिवाय तो सामना तिसऱ्या भागापर्यंत जिवंत राहिला नसता.

१०. मार्क जॉन्सन प्रशिक्षकाचा मुलगा म्हणून संघात आला का?

कॉलेज संघात तो वडिलांच्या हाताखाली खेळला, हे खरं. वडील बॉब जॉन्सन, "बॅजर बॉब", १९६६ पासून १९८२ पर्यंत इथले प्रशिक्षक. १९७३, १९७७ आणि १९८१ ची विजेतेपदं त्यांची. मुलाने तीन मोसमांत १२५ गोल केले, त्यामुळे वशिल्याची शंका मॅडिसनमध्ये कोणी घेतली नाही.

ऑलिंपिक संघात तर वडिलांचं नाव अडचणीचंच होतं. ब्रुक्स मिनेसोटाचे, जॉन्सन विस्कॉन्सिनचे. शेजारच्या दोन राज्यांची ही चुरस, आणि दोघा प्रशिक्षकांचं आपसात पटत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ब्रुक्सनी मार्कला घेतलं. मोठेपणा दोघांचा.

बॉब जॉन्सन पुढे कॅल्गरीला गेले, नंतर पिट्सबर्गला, आणि १९९१ चा स्टॅनले कप जिंकून दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेंदूच्या कर्करोगाने गेले. "हॉकीसाठी आजचा दिवस किती छान" हे त्यांचं रोजचं वाक्य पिट्सबर्गने बर्फावर रंगवून घेतलं होतं.

११. सूटर नक्की किती आहेत? दरवेळी गोंधळ होतो.

लक्षात ठेवायचे तीन. बॉब सूटर : १९८० चं सुवर्ण, मॅडिसनचाच मुलगा, एनएचएलमध्ये खेळला नाही, गावात राहून पोरांना हॉकी शिकवली, २०१४ मध्ये वारला. गॅरी सूटर हा बॉबचा धाकटा भाऊ : १९८४ च्या ड्राफ्टमध्ये १८० वा, तरी पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी, १९८९ चा कप, २००२ चं रौप्य. रायन सूटर हा बॉबचा मुलगा, गॅरीचा पुतण्या : २०१० चं रौप्य. तिघंही बचावपटू, तिघंही बॅजर.

१२. महिलांचा संघ वेगळा का मोजता? मुख्य संघ पुरुषांचाच ना?

हा प्रश्न येत राहतो, म्हणून स्पष्ट लिहिते. ऑलिंपिक हा निकष असेल तर मुख्य संघ महिलांचा आहे.

१९८० नंतर अमेरिकेच्या पुरुषांनी २०२२ पर्यंत सुवर्ण जिंकलेलं नाही. पुरुष बॅजर्सची त्यानंतरची सुवर्णं कॅनडाच्या जर्सीतली आहेत : जोसेफचं २००२ मध्ये, हीटलीचं २०१० मध्ये. महिलांचा संघ तर १९९९ मध्ये सुरू झाला, आणि २००६ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये मॅडिसनच्या मुलींनी पदक आणलं. कार्ला मॅकलाउडने कॅनडाकडून २००६ आणि २०१० ची सुवर्णं. मेगन मिकल्सनने २०१० आणि २०१४ ची. अमेरिकेच्या २०१८ च्या सुवर्ण संघात चौघी : कर्णधार मेगन डगन, हिलरी नाइट, ब्रिआना डेकर आणि गोलरक्षक अ‍ॅलेक्स रिग्जबी. कॅनडाच्या २०२२ च्या सुवर्ण संघात पाच जणी : गोलरक्षक अ‍ॅन-रेने देबियाँ आणि क्रिस्टन कॅम्पबेल, शिवाय सारा नर्स, ब्लेअर टर्नबुल, एमिली क्लार्क. नर्सने त्या एका स्पर्धेत १८ गुण केले, हा महिला ऑलिंपिक हॉकीतला विक्रम.

आणि या सगळ्यांना घडवणारा कोण? १९८० चा तोच मार्क जॉन्सन. २००२ पासून तो महिला संघाचा प्रशिक्षक आहे. आठही विजेतेपदं त्याच्या हाताखालची, आणि कॉलेज महिला हॉकीत त्याच्याइतके विजय कोणाचेच नाहीत. एनएचएलमध्ये अकरा मोसम खेळलेला, ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेला माणूस दोन दशकांहून जास्त काळ मुलींच्या संघाबरोबर राहिला.

१३. हिलरी नाइटचं विशेष काय?

२०१०, २०१४, २०१८, २०२२ : चार ऑलिंपिक, चार पदकं, त्यातलं २०१८ चं सुवर्ण. जागतिक विजेतेपदं २०२५ पर्यंत दहा. कॉलेज विजेतेपदं दोन, २००९ आणि २०११. मोठ्या सामन्यात तिचं नाव धावफलकावर येतंच : २०१८ च्या अंतिम सामन्यातला अमेरिकेचा पहिला गोल तिचा, २०२२ च्या अंतिम सामन्यात एक खेळाडू कमी असताना केलेला गोल तिचा. २०१८ चा तो सामना शूटआउटमध्ये जिंकला तो दिवस २२ फेब्रुवारी होता, लेक प्लॅसिडच्या विजयाला बरोबर ३८ वर्षं झाली होती.

तिच्या पिढीला बर्फाबाहेरही एक सामना लढावा लागला, तो पुढच्या उत्तरात.

१४. २०१७ मध्ये अमेरिकेच्या मुलींनी संप केला होता म्हणे. त्यात विस्कॉन्सिनचा काय संबंध?

संघाची कर्णधार मेगन डगन होती, आणि पुढे उभ्या राहिलेल्यांत नाइट आणि डेकरही होत्या. तेव्हा राष्ट्रीय संघटना खेळाडूंना फक्त ऑलिंपिकच्या आसपासचे सहा महिने पैसे द्यायची, महिन्याला हजार डॉलर. बाकीच्या साडेतीन वर्षांचं काय? कोणी दुसरी नोकरी करायचं, कोणी घरच्यांवर अवलंबून असायचं.

मायदेशात, मिशिगनमध्ये होणाऱ्या जागतिक स्पर्धेआधी संघाने जाहीर केलं की न्याय्य करार झाल्याशिवाय आम्ही खेळणार नाही. बदली खेळाडूंची शोधाशोध झाली, तेव्हा कॉलेजातल्या आणि शाळेतल्याही मुलींनी नकार दिला. स्पर्धा सुरू व्हायला मोजके दिवस उरले असताना, २८ मार्चला तोडगा निघाला. सराव जेमतेम झालेला. तरी अंतिम सामन्यात कॅनडाला ३-२ असं हरवलं, आणि जादा वेळेतला तो निर्णायक गोल नाइटचा.

पदकांच्या यादीत याची नोंद नाही. माझ्या लेखी ते डगनचं सर्वांत मोठं काम आहे.

१५. एकाच अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना बॅजर, असं खरंच झालंय?

अनेकदा. २००२ मध्ये अमेरिकेकडून चेलिओस, राफाल्स्की, गॅरी सूटर आणि गोलमध्ये रिक्टर. कॅनडाच्या संघात जोसेफ. २०१० मध्ये अमेरिकेकडून पावेल्स्की, राफाल्स्की, रायन सूटर, कॅनडाकडून हीटली. २०१८ च्या महिला अंतिम सामन्याच्या दोन्ही संघांत मिळून नऊ जणी : अमेरिकेच्या चार, कॅनडाच्या पाच.

सर्वांत विलक्षण २०२२ चा. कॅनडाच्या गोलमध्ये देबियाँ, अमेरिकेच्या गोलमध्ये अ‍ॅलेक्स कॅव्हालिनी. कॅव्हालिनी म्हणजेच लग्नाआधीची रिग्जबी. २०१३-१४ च्या मोसमात दोघी मॅडिसनमध्ये एकाच संघात होत्या. रिग्जबी शेवटच्या वर्षाला, देबियाँ पहिल्या. आठ वर्षांनी बीजिंगमध्ये समोरासमोर. पहिला गोल नर्सने केला, अमेरिकेला परत सामन्यात आणणारा गोल नाइटने. कॅनडा ३-२. डेकर त्या सामन्यात नव्हती, फिनलंडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात तिचा पाय मोडला होता. २०२५ मध्ये ती हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेली.

१६. ऑलिंपिकच्या वर्षी कॉलेजचं शिक्षण आणि संघ यांचं काय होतं?

अमेरिकेच्या महिला संघाची तयारी महिनोन् महिने चालते, म्हणून विद्यार्थिनी एक वर्ष सुट्टी घेतात आणि खेळायचं वर्ष पुढे राखून ठेवतात. नाइट आणि डगन २००९-१० मध्ये नव्हत्या. प्रशिक्षक जॉन्सनही नव्हता, कारण व्हँकुव्हरच्या अमेरिकी महिला संघाचा तोच प्रशिक्षक होता. परिणाम लगेच दिसला : आदल्या वर्षीचा विजेता बॅजर्स संघ त्या मोसमात राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्रही ठरला नाही. सगळे परतले आणि २०११ मध्ये पुन्हा विजेतेपद.

१७. मुलींना आता खेळून पगार मिळतो का?

मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक महिला लीग सहा संघांनिशी सुरू झाली आणि २०२५-२६ मध्ये आठ संघ झाले. देबियाँ मॉन्ट्रियलकडे, टर्नबुल टोरोंटोकडे, क्लार्क ओटावाकडे. नाइट आधी बॉस्टनची कर्णधार होती, नंतर सिअ‍ॅटलच्या नव्या संघात गेली. एनएचएलच्या रकमांशी तुलना होत नाही, पण दुसरी नोकरी न करता हॉकी खेळता येते. वीस वर्षांपूर्वी मॅडिसनमधून बाहेर पडलेल्या मुलींना एवढंही मिळालं नव्हतं.

१८. होबी बेकर आणि पॅटी कॅझमायर हे कसले पुरस्कार? इथल्या कोणाला मिळाले?

कॉलेज हॉकीतले वर्षातले सर्वोत्तम खेळाडू, अनुक्रमे पुरुष आणि महिला. होबी बेकर : ब्लेक जॉफ्रियन २०१० आणि कोल कॉफिल्ड २०२१. कॅझमायर : सारा बावर २००६, जेसी व्हेटर २००९, डगन २०११, डेकर २०१२, देबियाँ २०१७, केसी ओब्रायन २०२५.

१९. ज्या संघाने ड्राफ्ट केलं, त्याला नकार देता येतो का?

येतो, पण थांबायची तयारी लागते. जस्टिन शुल्ट्झला २००८ मध्ये अ‍ॅनाहाइमने ४३ वा निवडला. तो एक वर्ष कनिष्ठ लीगमध्ये खेळला, मग तीन वर्षं मॅडिसनला. निवडीला चार वर्षं झाली तेव्हा, २०१२ मध्ये, त्याने कॉलेज सोडलं पण अ‍ॅनाहाइमशी करार केला नाही. ठरावीक मुदत संपताच तो मोकळा झाला आणि एडमंटनकडे गेला. अ‍ॅनाहाइमचे चाहते भडकले. माझ्या मते त्याने नियम मोडला नाही. अठराव्या वर्षी दुसऱ्याने केलेली निवड आयुष्यभर का बांधील असावी? कॉलेजचा मार्ग घेणाऱ्याला हा एक हक्क मिळतो, आणि पालकांनी तो माहीत करून घ्यावा.

२०. कॅनडाच्या मोठ्या कनिष्ठ लीगमध्ये खेळलं की अमेरिकन कॉलेजचं दार बंद, हे अजून खरं आहे का?

आता नाही. कॅनडात अशा तीन लीग आहेत. त्यांच्यात खेळाडूंना भत्ता मिळतो आणि करार झालेली मुलंही खेळतात, म्हणून तिथल्या सगळ्यांनाच व्यावसायिक मानलं जायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलला, ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. जुनी माहिती अजून फिरते आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा निर्णय घेताना तिच्यावर विसंबू नका.

२१. पदक मिळालं तेव्हा ती बॅजर नव्हती, किंवा पुरस्कार दुसऱ्या कॉलेजात मिळाला. मग मोजायचं कसं?

दोन नावं नेहमी येतात. कॅरोलाइन हार्वीने २०२२ चं रौप्य मिळवलं तेव्हा तिने मॅडिसनला एकही सामना खेळला नव्हता. त्या वर्षीच्या शरद ऋतूत ती दाखल झाली. तिला मी बॅजर म्हणते, पण बीजिंगच्या पदकाचं श्रेय मॅडिसनला देत नाही. डॅरिल वॉट्सने कॅझमायर पुरस्कार २०१८ मध्ये बॉस्टन कॉलेजकडून मिळवला आणि नंतर ती विस्कॉन्सिनला आली. २०२१ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेतला विजयी गोल तिचा. म्हणून पुरस्कार बॉस्टनच्या खात्यात, विजेतेपद मॅडिसनच्या. प्रश्न १८ च्या यादीत तिचं नाव त्यामुळेच नाही.